संपर्क नाही

गेल्या ऑगस्टात माजी विद्यार्थी संघाच्या सभेला मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले. तेवढ्यात बातमीपत्राचं काम माझ्या नावावर लागलं होतं. "तुझं मराठी बरं, शिवाय बँकेत आहेस, याद्या करायची सवय," असं कारण अध्यक्षांनी दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच, त्यामुळे नाही म्हणता येईना.

आमचं कॉलेज लहान. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही येणार आहे. गोव्यातल्या खाणपट्ट्याच्या कडेला, नुसतं कला शाखेचं, वर्षाला साठ-सत्तर मुलं. मी तिथली १९९३ ची बीए, मराठी घेऊन. आमच्या वेळी समोरच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक दिवसभर धडधडत जायचे आणि शिकवणाऱ्या सरांना दर दोन वाक्यांनी थांबावं लागायचं. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की लाल. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा वर्ग शांत झाले, पण आमच्या बॅचचे कितीतरी मुलगे त्याच ट्रकांवर, वजनकाट्यांवर आणि खाणींच्या ऑफिसांत चिकटले होते. त्यांची घडी विसकटली. कुणी आखातात गेलं, कुणी टॅक्सी घेतली, कुणी पर्वरीत फ्लॅट घेऊन कायमचं तिकडचं झालं. हे सांगायचं कारण म्हणजे पत्ते. कॉलेजकडे असलेला पत्ता आणि माणूस यांचा संबंध कधीचाच तुटला होता.

बातमीपत्र हवं होतं ते मुळात नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी. नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांना मिळणारा आधार आणि त्यांची प्रगती याबद्दलचा. माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा त्यातला एक पोटमुद्दा: संघ नोंदणीकृत आहे का, आणि त्यानं कॉलेजसाठी काय केलं. नोंदणी होती. १८६० च्या सोसायटी कायद्याला सात सभासद लागतात, ते जमवून पूर्वीच कुणीतरी हे काम करून ठेवलं होतं. 'काय केलं' या रकान्यात मात्र एक वॉटर कूलर आणि दोन स्नेहमेळावे एवढंच होतं. बातमीपत्र काढलं की निदान एक ओळ वाढेल, असा प्राचार्यांचा हिशेब.

अंक कुठल्या भाषेत काढायचा यावर पाऊण तास गेला. चर्चा सगळी कोकणीतून झाली, अंक मराठीत काढावा असं ठरलं, आणि त्याचं इतिवृत्त चिटणिसांनी इंग्रजीत लिहिलं. गोव्याबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगता येत नाही आणि आम्हाला त्यात वावगं वाटत नाही.

कॉलेजनं मजकूर म्हणून एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात दोनशेवर फोटो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, पुन्हा दीपप्रज्वलन. समई तीच, मागचा पडदा तोच, वात लावणारा हात तेवढा बदललेला. सोबत अहवाल: अमुक विभागातर्फे तमुक विषयावर एकदिवसीय कार्यशाळा संपन्न. मी रात्री जेवणं झाल्यावर ते वाचायला बसले आणि चौथ्या पानावर मलाच डुलकी लागली. मी या कॉलेजवर जीव टाकणारी बाई. बाकीचे काय वाचणार?

म्हणून संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, कॉलेजबद्दल तुम्हाला काय कळायला हवंय? एरवी तिथे सुप्रभात आणि श्रद्धांजली या दोनच गोष्टी चालतात. त्या रात्री मात्र फोन थांबेना. कँटीनमध्ये पातळ भाजी-पाव आणि मिरची अजून मिळते का? गेटजवळची चिंच आहे की पार्किंगसाठी पाडली? ग्रंथालयात पुस्तक घरी नेऊ न देणारे ते सर हयात आहेत का? माझी मुलगी बारावी झाली, आता बीए तीन वर्षांचं की चार? आणि सिंगापूरहून आमच्याच वर्गातल्या एकीनं लिहिलं: "बाकीच्या मुली कुठे आहेत?"

मी ग्रुपचे सभासद मोजले. एकशे ऐंशी. त्यांत बायका एकतीस.

कला शाखेचं कॉलेज. वर्गात निम्म्याहून जास्त मुली असायच्या. पहिल्या तीन बाकांवर जागा मिळवायला आम्ही भांडायचो. आणि ग्रुपवर एकतीस?

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. जुनी जनरल रजिस्टरं वरच्या कपाटात. पावसाळ्यात त्या कपाटाची दारं फुगतात, ती दोन माणसांनी ओढल्याशिवाय उघडत नाहीत. हेडक्लार्कांनी आणि शिपाईदादांनी मिळून ती उघडली. कापडी पाठीची, हाताएवढी जाड पुस्तकं. सगळ्यात जुन्या पुस्तकांतली मुलं मुंबई विद्यापीठाची. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं, त्याच्या आधी आमच्याकडची कॉलेजं मुंबईला जोडलेली होती. त्यानंतरच्या पानांवर शिक्का बदललेला. अक्षर मात्र तेच, निब बुडवून लिहिल्यासारखं, एका कारकुनाचं. तो गृहस्थ मला आठवतो, फी भरायला गेलं की सुटे नाहीत म्हणून परत पाठवायचा.

एकेक नोंद म्हणजे नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि पत्ता: वाडा, गाव, गोवा. घर नंबर क्वचित. फोनच्या रकान्यात एक आडवी रेघ.

पहिल्या अंकापुरत्या १९९० ते १९९५ अशा सहाच बॅचेस घ्यायचं मी ठरवलं. नावं झाली ३८०, त्यांत मुली २२१. मुलगे शोधायला दोन आठवडे पुरले. गावच्या एकाला फोन केला की तो दुसऱ्याचा नंबर देतो, दुसरा तिसऱ्याचा. मुलग्याचं नाव जन्मापासून तेच, आडनाव तेच, घरही बहुधा तेच. नोकरीसाठी बाहेर असला तरी चवथीला त्याच घरी गणपती. दोन आठवड्यांनी मुलग्यांच्या यादीत एकोणीस जण उरले होते, त्यांतले काही वारलेले.

मुलींच्या यादीला हातच लागेना. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं तसं पहिलं नावही बदलण्याची पद्धत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि कॉलेजच्या रजिस्टरातली मुलगी तिथे संपते. कागदोपत्री नाव बदलायचं तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. सगळ्याच जणी काही त्या फंदात पडत नाहीत. मग पासपोर्टावर एक, रेशनकार्डावर दुसरं. बँकेच्या काउंटरवर मी हे रोज बघते. विक्रीखतात 'ऊर्फ' लिहिल्याशिवाय गोव्यातली बाई पुरी होत नाही. पण फेसबुकवर 'ऊर्फ' शोधता येत नाही. रजिस्टरातली समजा कुणी सुनंदा, ती आज कुठल्या गावी कुठल्या आडनावाची कोण श्रद्धा झाली आहे, हे मी कुठल्या यंत्राला विचारू?

यादीचे दोन भाग केले, 'संपर्क झाला' आणि 'संपर्क नाही'. संगणकावर भरायचं काम तृतीय वर्षाच्या दोन मुलींकडे होतं. हुशार मुली, चहासुद्धा न घेता काम करायच्या. एका संध्याकाळी त्यांनी 'संपर्क नाही'चा पहिला छापील कागद दिला. मी चष्मा लावून वाचत गेले. वर्ष १९९३, मराठी, पंधराव्या ओळीवर माझंच नाव. माहेरचं. त्या मला लग्नानंतरच्या नावानं ओळखतात, तेव्हा त्यांची तरी काय चूक? मी तो कागद समोर बसलेल्या ग्रंथपालबाईंना दाखवला. त्या माझ्या दोन वर्षं पुढच्या. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "तूंच सांपडना गो!" म्हणाल्या. मग त्यांनी कागद उलटून १९९१ चं पान काढलं, आणि त्यांचंही नाव होतं तिथे.

त्या दिवसापासून अंकाचं माझ्यापुरतं तरी ठरलं. दीपप्रज्वलनाला एक पान. बाकी काहीही होवो, मधली चार पानं या नावांना द्यायची.

चवथ तोंडावर होती. माझ्या मनात आलं, लेकी कुठे गेल्या ते आयांना ठाऊक असणारच. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, बाजाराच्या दिवशी सुपाऱ्यांचे घड, तोरिंगं, आंबाडे घेता घेता मी ओळखीच्या चार गावांतल्या बायकांना विचारायला सुरुवात केली आणि सणात ते घरोघर चालू ठेवलं. चवथीला दारं उघडीच असतात, गणपतीच्या पाया पडायला कुणीही आत यावं. पाया पडायचं, नेवरी हातात घ्यायची आणि पर्समधून यादी काढायची. आमच्या ह्यांना याची भारी लाज वाटायची, ते गाडीतच बसून राहायचे.

एका घरी सोप्यावर ऐंशीच्या पुढच्या आजी बसल्या होत्या. "खंयचें गो तूं?" सासरचं गाव सांगून भागलं नाही. माहेरचं गाव, वाडा, वडिलांचं नाव, आजोबांचा धंदा इथपर्यंत चौकशी झाल्यावर माझी ओळख पटली. मग मी त्यांच्या लेकीचं रजिस्टरातलं नाव उच्चारलं. आजी थांबल्या. "तें नांव तुका कशें खबर?" आता त्या नावानं तिला हाक मारणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. पुढची वीस मिनिटं मी नुसती लिहून घेत होते: लेकीचं आताचं नाव, जावयाचं गाव, मोठा नातू पुण्याला, धाकटीचं जमतंय, आणि फोन नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला. जाताना म्हणाल्या, शेजारच्या वाड्यावरच्या अमकीची लेकही तुमच्यातलीच, ती सांखळीला दिली. तिथून ती, तिच्याकडून आणखी दोघी. अनंत चतुर्दशीपर्यंत सत्त्याऐंशी बायका 'संपर्क नाही'तून 'झाला'त गेल्या. ही व्यवस्था कुठल्याही ॲपपेक्षा पक्की आहे. पण ती त्या सोप्यावरच्या बायकांबरोबर जाणार, म्हणून मला घाई होती.

सगळ्याच भेटी अशा गोड नव्हत्या. एका बाईनं दारातूनच सांगितलं, माझं नाव कुठेही छापू नका. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. दुसरी म्हणाली, माहेरचं नाव छापा, सासरचं नको. तिसरी बरोबर उलट. आमच्यातली एक वकील आहे. तिनं २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचं नाव घेऊन समितीला जरा घाबरवलं, ते बरंच झालं. तिनं एक साधा मजकूर करून दिला: तुमचं कुठलं नाव छापायचं, गाव छापायचं का, फोन संघाकडे ठेवायचा का. उत्तर आल्याशिवाय सासरचं नाव, गाव, फोन काही छापायचं नाही. आणि ज्या सापडल्याच नाहीत त्यांचं नुसतं माहेरचं नाव, वर्ष आणि रोल नंबर.

हा मजकूर आधी मी ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाठवला आणि चार दिवस उत्तरांची वाट बघत बसले. नऊ आली. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो." म्हणजे बाकीच्यांना तो मिळालाच नव्हता. मग एकेकीला वेगळा पाठवला. अंगठा दुखायला लागला.

मधल्या काळात बाकीची पानं भरत होती. चार वर्षांच्या पदवीबद्दल एका प्राध्यापकांनी पाच पानी लेख दिला. त्यात 'बहुविद्याशाखीय' हा शब्द अकरा वेळा. मी त्याचं एक पान केलं, आईबापांना हवं तेवढंच: गोव्यात ही रचना २०२३-२४ पासून आहे, एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार केली तर ऑनर्स, क्रेडिट डिजिटल खात्यात जमा राहतात, पुढे परत येता येतं. प्राध्यापक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. चिंच आहे, असं फोटोसकट छापलं. फांद्या छाटल्यात, पण आहे. कँटीनचा ठेका बदललाय, पातळ भाजी मिळते, मिरची बुधवारी आणि शुक्रवारी. त्या ग्रंथालयातल्या सरांना मी घरी जाऊन भेटले. नव्वदीला आलेत. त्यांनी माझ्या नावावरचं एक पुस्तक परत यायचं बाकी आहे का, असं विचारलं. बहुतेक गंमतीनं.

पैशांचं प्रकरण मात्र मनाला लागलं. छपाईचा खर्च वर्गणीतून काढायचा होता. आमच्या वर्गातले दोन मित्र, एकाच वाड्यावरचे, एकाच बाकावर बसायचे. खाण बंद झाल्यावर दोघंही बाहेर गेले, एक मस्कतला, दुसरा इंग्लंडला, स्विंडनमध्ये, जिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. दोघांनी सारखीच रक्कम द्यायचं कबूल केलं. खजिनदारांनी मस्कतवाल्याची घेतली आणि स्विंडनवाल्याची परत पाठवायला सांगितली.

कारण पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. स्विंडनवाल्यानं वडिलांच्या जन्मावर ते घेतलं होतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट गेला आणि तो कायद्यानं परदेशी झाला. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची तर संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्यासारख्या पिटुकल्या संघाकडे यातलं काय असणार? मस्कतवाल्याकडे भारतीय पासपोर्ट, त्यानं नेहमीच्या बँक मार्गानं पाठवलं की संपलं. खजिनदार चूक नव्हते. बँकेत मीही हेच सांगितलं असतं.

पण फोन मला करावा लागला. तिकडे शांतता. मग, "म्हजे पयशे वायट काय कितें?" मी कायदा सांगितला, कलमं सांगितली, आणि बोलताना मलाच ते पोकळ वाटत होतं. तो म्हणाला ठीक आहे आणि फोन ठेवला. वाटलं, हाही गेला 'संपर्क नाही'त.

तीन दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला. १९९१ चा एनएसएस कॅम्प, सत्तरीतलं एक गाव, आम्ही सगळे फावडी-घमेली घेऊन उभे, कुणाचे डोळे मिटलेले. मागोमाग त्याच फोटोच्या पाठीचाही फोटो. निळ्या शाईनं डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, म्हणजे टोपणनावं: चिंगळी, मास्तर, बाय, लांब, फोंडेकरीण. स्विंडनला नेलेल्या मोजक्या सामानात त्यानं हा फोटो नेला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हे तरी घेता येतं ना?' त्या टोपणनावांवरून सात जणी सापडल्या. 'फोंडेकरीण' वास्कोला बालवाडी चालवते. तो फोटो आम्ही अख्ख्या पानभर छापला, पाठीसकट.

आता तक्रार. छापखान्याचं नाव सांगत नाही, माणूस भला आहे. संघाच्या जुन्या देणगीदारांची यादी वीस वर्षांपूर्वीच्या एका फाइलमध्ये होती, जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट काढून युनिकोड केलं की अक्षरं बदलतात, हे मला ऐकून माहीत होतं. कशी बदलतात ते प्रुफं हातात आल्यावर कळलं. रफार गेले होते. सगळे. पर्येचं पये झालं, कुर्टीची कुटी, पर्वरीची पवरी. जुन्या फॉन्टात रफार हे अक्षरानंतर डोक्यावर ठेवायचं एक चित्र असतं, युनिकोडमध्ये तो 'र्' म्हणून अक्षराच्या आधी येतो. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला हे नीट जमलं नाही तर तो चित्र टाकून देतो. डीटीपीवाला म्हणाला, "मॅडम, वाचणाऱ्याला कळतं." मी म्हटलं, पर्येच्या माणसाला पये म्हणून बघ, मग तुला कळेल.

दोन रविवार बसून एकेक रफार लावला. तो माऊस धरून, मी बाजूला पट्टी घेऊन. तिसऱ्या प्रुफात रफार आले, पण मुखपृष्ठावर 'वार्षिक'चं 'वाषिर्क' झालं. ते मी पाहिलं नाही, त्यानं पाहिलं. म्हणून म्हटलं, भला माणूस.

पानं अठरा भरत होती. मधे पिना मारायच्या तर चाराच्या पटीतच हवीत, सोळा किंवा वीस. विसांचे पैसे नव्हते. मी एक शुभेच्छा संदेश आणि कार्यशाळांचं एक पान काढलं. शुभेच्छा कुणाच्या होत्या ते विचारू नका, अजून राग आहे.

अंक डिसेंबरात हाती आला, पाचशे प्रती. सव्वादोनशे टपालानं पाठवल्या, त्यांतल्या त्रेचाळीस 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आल्या. आपल्या गावात वाड्याचं नाव आणि माणसाचं नाव एवढ्यावर पोस्टमन घर शोधायचा, हे जुन्या पोस्टमनचं कौतुक. नवा मुलगा बाहेरचा, त्याला घर नंबर लागतो. त्या प्रती मग हातोहात गेल्या. कदंबाच्या कंडक्टरबरोबर दोन, जत्रेत भेटलेल्यांबरोबर दहा-बारा, एक तर पोदेरानं पावांच्या पाटीतून पोचवली.

मधल्या चार पानांवर नावं होती. ज्या सापडल्या त्यांची त्यांनी सांगितली तशी. ज्या एकोणचाळीस सापडल्या नाहीत, त्यांची वर्ष आणि रोल नंबर घालून. आमच्याकडे हजेरीत मुली आधी आणि मुलगे नंतर. खाली माझा फोन.

पहिल्या आठवड्यात सहा फोन आले. त्यांतले तीन चुका सांगायला: एकीचं वर्ष चुकलं, एकीची वेलांटी, आणि एका गृहस्थांना आपलं नाव दुसऱ्या स्तंभात का, असा प्रश्न पडला होता. मी सगळं लिहून घेतलं.

जानेवारीत एका संध्याकाळी बँकेतून घरी येताना बस स्टँडवर फोन वाजला. मुलगा होता, वीसेक वर्षांचा आवाज. त्याला अंक मामाकडे मिळाला होता. "मॅडम, पान नऊवर एक नाव आहे. मामाच्या घरी आईला त्याच नावानं हाक मारतात. मला वाटायचं, लाडाचं नाव आहे." मग त्यानं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. जुळत होतं. मी विचारलं, आई कुठे आहे? "इथंच आहे, बाजूला. बोलत नाही म्हणते."

मी म्हटलं, दे तिला.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. मी माझं माहेरचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. ती गप्प. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग तिनं घसा साफ केला आणि हजेरीला द्यायची तशी ओ दिली,

"एकोणतीस."

रडू येईल असं वाटलं तेवढ्यात माझी बस लागली. मी घाईघाईनं पर्समधून पेन काढलं, तिकिटाच्या पाठीमागं पत्ता लिहून घेतला आणि पिनकोड विचारला. तो तिला आठवेना. तिनं मुलाला हाक मारली.